दहा नावांचा संघ

अमेरिकन फुटबॉलचा संघ अकरा खेळाडूंचा असतो. तथापि १९५० साली त्या देशात प्रसिद्ध झालेल्या महाविद्यालयीन फुटबॉलच्या एका इतिहासग्रंथात १९१८ च्या राष्ट्रीय संघाची म्हणून दहाच नावे छापली गेली. ही केवळ मुद्रणातील चूक मानणे कठीण आहे. गळलेले अकरावे नाव पॉल रोबसन यांचे होते, आणि तोवर त्यांचे विचार अमेरिकन सरकारच्या रोषास पात्र ठरले होते.

रोबसन यांचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे झाला. गुलामगिरीतून पळून आलेले त्यांचे वडील पुढे धर्मोपदेशक झाले होते. राज्यव्यापी स्पर्धापरीक्षेत शिष्यवृत्ती मिळवून १९१५ साली रोबसन रट्गर्स महाविद्यालयात दाखल झाले. त्या संस्थेत प्रवेश मिळालेले ते तिसरेच कृष्णवर्णीय विद्यार्थी होते.

आपल्याकडे फुटबॉल म्हणून जो खेळ परिचित आहे, त्याहून हा खेळ निराळा. चेंडू हाती घेऊन धावणाऱ्यास प्रतिपक्षाने अंगावर झेपावून पाडावयाचे, हे त्याचे मुख्य स्वरूप होय. त्या काळी तेच अकरा जण चढाई आणि बचाव अशी दोन्ही कामे करीत. सव्वासहा फूट उंचीचे रोबसन फळीच्या टोकाला उभे राहत. मात्र निवडीच्या पहिल्याच सरावात त्यांच्या भावी सहकाऱ्यांनी त्यांचे नाक फोडले आणि खांदा निखळवला. नंतर एकाने खिळ्यांच्या बुटाने हात चिरडून नखे उखडली. तरीही ते मैदानावर परतले आणि संघात आले. १९१६ साली दक्षिणेकडील एका संघाने कृष्णवर्णीयाविरुद्ध खेळण्यास नकार दिला, तेव्हा रट्गर्सने माघार घेऊन त्यांनाच बाहेर बसविले. पुढील दोन्ही वर्षी मात्र त्यांना राष्ट्रीय निवडीचा मान मिळाला. त्या खेळाचे आद्य शिल्पकार वॉल्टर कँप यांनी टोकाच्या बचावपटूंत त्यांना अग्रस्थान दिले. अभ्यासातही ते अग्रभागी होते. १९१९ च्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण करण्याचा मान त्यांचाच होता.

व्यावसायिक फुटबॉल खेळून त्यांनी कोलंबिया विद्यापीठात कायद्याचे शिक्षण पुरे केले. परंतु वकिलीच्या कचेरीतील लघुलेखिकेने कृष्णवर्णीयाकडून मजकूर उतरवून घेण्याचे नाकारले, आणि त्यांनी तो व्यवसाय सोडला. पुढे गायक आणि नट म्हणून त्यांनी जगभर कीर्ती मिळविली. १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या त्यांच्या 'ऑथेल्लो'चे जवळजवळ तीनशे प्रयोग झाले.

वर्णभेदाविरुद्धची त्यांची भाषा तिखट होत गेली आणि सोव्हिएत रशियाविषयीची आत्मीयता त्यांनी लपविली नाही. १९५० साली सरकारने त्यांचे पारपत्र रद्द केले, सभागृहांची दारे बंद झाली, आणि वर्षाकाठी लाख डॉलरहून अधिक असलेले उत्पन्न काही हजारांवर आले. १९५८ साली भारतात त्यांची साठी साजरी झाली, तेव्हा त्या समितीचे अध्यक्षपद मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांच्याकडे होते आणि पंडित नेहरूंचा समारंभास पाठिंबा होता. पण पारपत्राअभावी रोबसन यांना स्वतः येणे शक्य नव्हते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे पारपत्र परत मिळाले. २३ जानेवारी १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मान-दालनात त्यांचे नाव लागले ते १९९५ साली, खेळ संपल्यानंतर पाऊणशेहून अधिक वर्षांनी.

सोव्हिएत राजवटीतील अत्याचारांविषयी त्यांनी मौन पाळले, ही टीका निराधार म्हणता येणार नाही. परंतु माणसाची मते आणि त्याची कामगिरी ही दोन स्वतंत्र खाती आहेत. एकातील नावडती रक्कम दुसऱ्यातून वजा करण्याचा अधिकार कोणाही हिशेबनिसास नाही. रोबसन यांचे नाक फोडणाऱ्यांनी निदान समोरासमोर घाव घातला. त्यांचे नाव ज्याने गाळले त्याने एका टेबलाशी बसून, लेखणीने ते काम केले. हजेरीपट, गुणपत्रक, सेवापुस्तक अशा नोंदी ज्यांच्या हाती असतात, त्यांच्याजवळही तीच लेखणी असते. नावडत्या माणसाच्या नावापाशी ती थबकली की दहा नावांचा संघ तयार होतो.