कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद

आगगाडी बोरघाट चढून लोणावळ्यास थांबली, कीं उतारूंचें लक्ष प्रथम चिक्कीच्या पुड्यांकडे जातें. आमचेंही जातें; तें लपविण्यांत अर्थ नाहीं. कार्ल्याचीं लेणीं पाहावयास निघालेल्या शाळांच्या टोळ्या येथून पुण्याच्या सडकेस लागतात, आणि वाटेंत वलवण गांवाच्या बाजूस असलेल्या कैवल्यधाम नांवाच्या संस्थेकडे ओझरती नजर टाकून पुढें सरकतात. शाळांतून व्यायामास निश्चित स्थान असावें, तो शिकविणारा शिक्षक स्वतः शिकलेला असावा, आणि अशक्त मुलासही त्या तासांत कांहीं करतां यावें, ह्यासाठीं ज्यांनीं आयुष्याचीं अनेक वर्षें वेंचलीं, ते स्वामी कुवलयानंद ह्या संस्थेचे संस्थापक होत. त्यांचें अल्प चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहोंत.

स्वामीजींचें मूळचें नांव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजीं बडोदें संस्थानांतील डभोई येथें झाला. वडील शिक्षक होते. घरची स्थिति हलाखीची होती, आणि परक्यांच्या साहाय्यावर दिवस काढण्याची पाळीही बालपणीं त्यांच्यावर आली. अशा अवस्थेंत १९०३ सालीं ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, आणि संस्कृत विषयाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. त्या काळीं हा केवढा मान होता, हें आजच्या विद्यार्थ्यांस सहसा कळणार नाहीं. घरांतील वडीलधाऱ्यांस विचारावें. शिष्यवृत्तीच्या बळावर ते बडोदें कॉलेजांत दाखल झाले. बाबू अरविंद घोष तेव्हां तेथें अध्यापक होते. एकीकडे अरविंदबाबूंचा प्रभाव, दुसरीकडे लोकमान्य टिळकांची चळवळ. तरुण जगन्नाथपंतांनीं आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला, आणि तो अखेरपर्यंत पाळला. १९१० सालीं ते पदवीधर झाले.

त्यांच्या पुढील कार्याचें बीज मात्र बडोद्याच्या एका आखाड्यांत पेरलें गेलें. जुम्मादादांच्या व्यायामशाळेंत राजरत्न प्राध्यापक माणिकराव ह्यांच्या हाताखालीं १९०७ पासून १९१० पर्यंत त्यांनीं देशी व्यायामाचें रीतसर शिक्षण घेतलें. आखाड्याची जुनी रीत अशी, कीं वस्तादाच्या नजरेंत भरतील त्या दहा-पांच पठ्ठ्यांचीं अंगें घडावयाचीं, आणि बाकीच्यांनीं दाराशीं उभें राहून पाहावयाचें. माणिकरावांनीं ह्या रीतीस दुसरें वळण दिलें. मुलांस रांगांत उभें करून देशी भाषेंतील हुकमांवर एका तालानें व्यायाम करून घेण्याची सांघिक पद्धति त्यांनीं बसविली. बारीक अंगाचा, चष्मा लावणारा, धावतांना धापा टाकणारा मुलगाही त्या रांगेंत उभा राहूं शकतो, ही गोष्ट जगन्नाथपंतांनीं तेथें डोळ्यांनीं पाहिली. आमच्या समजुतीप्रमाणें त्यांच्या साऱ्या पुढील उद्योगाची किल्ली येथें आहे.

नंतर ते खानदेशांत अंमळनेर येथें शिक्षणकार्यास लागले, आणि १९१६ सालीं तेथील राष्ट्रीय कॉलेजचे प्राचार्य झाले. ह्या कॉलेजांतील राष्ट्रीय वृत्ति सरकारच्या डोळ्यांत सलूं लागली, आणि १९२० सालीं तें बंद पडलें. तरीही १९२३ पर्यंत हायस्कुलांतील व कॉलेजांतील विद्यार्थ्यांस भारतीय संस्कृतीचे पाठ देण्याचें त्यांचें काम चालूच होतें. (साने गुरुजी अंमळनेरच्या शाळेंत शिक्षक झाले ते ह्यानंतर थोड्याच काळानें. एकाच गांवानें लागोपाठ असे दोन शिक्षक पाहावे, हें अंमळनेरचें भाग्य.)

मध्यंतरीं १९१९ सालीं नर्मदातीरावरील मालसर येथें परमहंस माधवदास महाराजांची त्यांची भेट झाली, आणि योगविद्येंत त्यांस गुरु लाभला. येथपर्यंतची कथा अनेक साधकांच्या कथेसारखीच आहे. पुढील गोष्ट मात्र निराळी. योगाच्या क्रियांनीं शरीरावर परिणाम होतो, ह्याविषयीं जगन्नाथपंतांच्या मनांत श्रद्धा होती; परंतु आपल्या श्रद्धेनें दुसऱ्याची खातरी पटत नाहीं, हें ते शिक्षक असल्यामुळें जाणून होते. १९२० व १९२१ ह्या वर्षांत बडोद्याच्या इस्पितळांत आपल्या कांहीं विद्यार्थ्यांच्या मदतीनें त्यांनीं उड्डियान व नौलि ह्या क्रियांचे क्ष-किरणांखालीं प्रयोग केले. नौलि करतांना मोठ्या आंतड्यांत निर्वात स्थिति उत्पन्न होते, असें त्यांस आढळून आलें. ह्या निर्वातास त्यांनीं आपल्या गुरूंचें नांव दिलें. शास्त्रीय शोधास गुरूचें नांव देण्याची ही तऱ्हा आम्हांस मोठी गोड वाटते.

१९२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत विजयादशमीच्या सुमुहूर्तावर लोणावळ्यास कैवल्यधामची स्थापना झाली. समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार फूट उंचीचें हें स्थळ. एका बाजूस मुंबई, दुसऱ्या बाजूस पुणें. हवा थंड, आणि वस्ती तेव्हां विरळ. पावसाळ्याचे चार महिने मात्र येथें घराबाहेर पडण्याची सोय नसते. मावळचा पाऊस ज्यानें पाहिला आहे, त्यास हें सांगणें नको. आश्रमासारख्या ह्या ठिकाणीं प्रयोगशाळा थाटण्यांत आली. सर्वांगासनांत रक्ताचा दाब किती वाढतो, प्राणायामांत श्वासाचें मान काय असतें, असलीं मोजमापें तेथें होऊं लागलीं, आणि तीं योगमीमांसा नांवाच्या इंग्रजी त्रैमासिकांत त्याच वर्षापासून प्रसिद्ध होऊं लागलीं. जगन्नाथपंत आतां स्वामी कुवलयानंद झाले होते. अप्पय्य दीक्षितांच्या अलंकारग्रंथाचेंही हेंच नांव आहे, हें संस्कृतच्या ह्या विद्यार्थ्यास खचित ठाऊक असलें पाहिजे.

प्रयोगांची कीर्ति दूरवर गेली. महात्मा गांधींनीं १९२७ सालीं प्रकृतीच्या बाबतींत स्वामीजींचा सल्ला घेतला. अमेरिकेंतील येल विश्वविद्यालयाकडून मूळचे त्रावणकोरचे कोवूर बेहानन हे संशोधक येथें येऊन राहिले, आणि त्यांनीं योगाचें शास्त्रीय परीक्षण करणारें पुस्तक १९३७ सालीं प्रसिद्ध केलें. मोठमोठ्या लोकांचीं नांवें सांगत बसलों, तर आमचीं पानें त्यांतच सरतील. शाळकरी वाचकांस ह्यापुढील भाग अधिक जवळचा वाटेल, अशी आमची समजूत आहे.

तीं वर्षें व्यायामाच्या जागृतीचीं होतीं. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि आपल्या संस्थानांतील शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत होते. अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून काम करीत होतें. कैवल्यधाम निघालें त्याच १९२४ सालीं पुण्यास कॅप्टन शिवरामपंत दामले ह्यांनीं महाराष्ट्रीय मंडळ काढलें. मद्रासेस हॅरी बक ह्या अमेरिकन गृहस्थांनीं वाय्. एम्. सी. ए. तर्फे १९२० सालीं शारीरिक शिक्षणाचें कॉलेज सुरू केलें होतें, आणि तेथून शिकून आलेले शिक्षक अनेक शाळांच्या मैदानांवर खेळ शिकवीत होते. ह्या सर्वांनीं मुलांस घराबाहेर, उघड्या हवेंत आणण्याचा प्रयत्न केला. मग स्वामीजींनीं त्यांत निराळें काय घातलें?

मावळांतील गुराख्याचें पोर दिवसभर डोंगर तुडवीत असे. वलवण, वाकसई, कार्ले ह्या बाजूच्या पोरांस चालणें-चढणें शिकविण्याची गरज नव्हती. दोन वेळां पोटभर अन्न मिळालें, म्हणजे त्यांचें काम भागलें असतें. शाळेंत जाणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. तें पांच-सहा तास बाकावर पाठ वांकवून बसतें, घरीं येऊन दिव्यापुढें पुन्हां वांकतें, आणि परीक्षेच्या वेळीं तर मान वर करीत नाहीं. शाळेनें जें वांकविलें, तें शाळेनेंच सरळ करावयास नको काय? सशक्त मुलें मैदानावर आपोआप धांवतात. प्रश्न उरतो तो इतरांचा. भुजंगासन, शलभासन, धनुरासन, पश्चिमतान, हलासन हीं आसनें पाठीच्या कण्यास सर्व बाजूंनीं वळवितात, त्यांस साहित्य लागत नाहीं, आणि मुसळधार पावसांत शाळेच्या ओसरीवरही तीं करतां येतात. १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आसनांच्या पुस्तकांत स्वामीजींनीं पूर्ण, संक्षिप्त व सोपा असे तीन अभ्यासक्रम आंखून दिले. हिसका देऊं नये, दम लागेपर्यंत करूं नये, शरीर हळूहळू ताणावें, हा त्यांचा कटाक्ष असे. दंड-बैठकांस त्यांनीं कमी लेखलें नाहीं. ज्यास दोन्ही करावयाचे असतील, त्यानें मध्यें कांहीं वेळ जाऊं द्यावा, एवढेंच त्यांचें सांगणें होतें.

१९३६ सालीं त्यांनीं यौगिक संघ व्यायाम हें पुस्तक प्रसिद्ध केलें. माणिकरावांच्या आखाड्यांत शिकलेली रांग आणि मालसरच्या गुरूंपाशीं शिकलेली योगविद्या ह्या दोहोंची येथें गांठ पडली. मुलांनीं रांगांत उभें राहावें, हुकूम व्हावा, आणि सर्वांनीं एकाच वेळीं त्या त्या स्थितींत यावें, अशी ही योजना. ह्या ठिकाणीं आमच्या मनांत एक शंका येते, ती मोकळेपणानें मांडतों. योग ही एकांतांत, गुरूच्या नजरेखालीं, मन शांत करून शिकण्याची विद्या. तिला एक-दोन-तीनच्या तालावर आणल्यानें तिचें सत्त्व कांहीं अंशीं उणें होत नाहीं काय? आमच्या मतें होतें, आणि स्वामीजींस ह्याची जाणीव नसेल, असें मानणें कठीण आहे. कारण एकांतांतील अभ्यासाचें मोल त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक होतें? परंतु पन्नास मुलांचा वर्ग, एक शिक्षक आणि अर्ध्या तासाचा अवधि ही शाळेची वस्तुस्थिति त्यांनीं पत्करली. दोन-चार मुलांस संपूर्ण विद्या द्यावी, कीं सर्वांस तिचा एक वांटा द्यावा, हा निवाडा त्यांस करावा लागला. त्यांनीं सर्वांस वांटा देणें पसंत केलें. शुद्ध साधकांस हें आवडलें नसेल. शाळेंतील रांगेच्या शेवटीं उभ्या असणाऱ्या मुलाच्या बाजूनें आम्ही हा निवाडा मान्य करतों.

ह्या विचारास सरकारी पाठबळ मिळण्याचा योग १९३७ सालीं आला. मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेर ह्यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें, आणि शाळांतील शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या समितीचें अध्यक्षपद स्वामीजींकडे आलें. ज्यांचें कॉलेज सतरा वर्षांपूर्वीं सरकारनें बंद पाडलें होतें, त्यांसच सरकारनें सल्ल्यासाठीं पाचारण करावें, हा काळाचा महिमा! शारीरिक शिक्षण द्यावयाचें, तर तें देणारे शिक्षक प्रथम तयार झाले पाहिजेत, ही गोष्ट उघड होती. तोंपर्यंत बहुतेक शाळांतून कवायतीचा तास एखाद्या पेन्शनर हवालदाराकडे सोंपवीत. तो बिचारा आपल्याला पलटणींत जें आलें तें मुलांकडून करवून घेई. १९३८ सालीं मुंबईजवळ कांदिवली येथें शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठीं सरकारी शिक्षणसंस्था सुरू झाली. तेथें तयार झालेले शिक्षक पुढें इलाख्यांतील तालुक्याच्या गांवींही जाऊन पोहोंचले. शाळांच्या वेळापत्रकांत व्यायामाचा तास आला. परीक्षा जवळ आली म्हणजे तो प्रथम गणिताच्या शिक्षकांकडे जातो, हेंही आम्हां सर्वांच्या अनुभवाचें आहे. त्याचा दोष स्वामीजींवर येत नाहीं.

त्यांचें स्वतःचें काम लोणावळ्यापुरतें राहिलें नाहीं. मुंबईस १९३२ सालीं शाखा निघाली, आणि १९३६ सालीं ती समुद्राकांठीं मरीन ड्राइव्हवर आली. १९५० सालीं लोणावळ्यास गोवर्धनदास सेक्सरिया ह्यांच्या नांवानें योगाचें महाविद्यालय सुरू झालें. पुढें १९६१ सालीं योगोपचारांचें इस्पितळही निघालें. इतक्या संस्था उभारणाऱ्या माणसास निवांतपणा कितीसा मिळाला असेल? योगमार्गांत त्यांस स्वतःस किती मजल मारावयाची होती, आणि समित्या, वर्ग, प्रयोग ह्यांपायीं त्यांतील किती राहून गेली, हें त्यांचें त्यांसच ठाऊक.

१८ एप्रिल १९६६ रोजीं, वयाच्या ८३ व्या वर्षीं, स्वामी कुवलयानंद निवर्तले. त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी ह्यांनीं त्यांच्यामागें कैवल्यधामची धुरा वाहिली. ती संस्था अद्याप वलवणच्या बाजूस उभी आहे, आणि तिच्यापुढील रस्त्यास स्वामीजींचें नांव देण्यांत आलें आहे. ज्या हजारों मुलांनीं शाळेच्या मैदानावर रांगेंत उभें राहून हुकमाबरोबर हात वर केले, पाठ वांकविली आणि सरळ केली, त्यांतील फार थोड्यांनीं हें नांव ऐकलें असेल. त्यांच्या शिक्षकांनीं तें सांगितलें नाहीं, कारण पुष्कळदां तेही तें जाणत नव्हते.