वाऱ्याला आव्हान देणारे नादार

नादार यांचा जन्म ६ एप्रिल १८२० रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे मूळ नाव गास्पार-फेलिक्स तुर्नाशाँ. वैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडून ते वृत्तपत्रांत लिहू लागले, व्यंगचित्रे काढू लागले आणि पुढे छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आले. १८५८ साली, दोराने जमिनीशी बांधलेल्या बलूनमधून त्यांनी खालच्या परिसराचे छायाचित्र घेतले. आकाशातून घेतलेले ते जगातील पहिले छायाचित्र मानले जाते.

आकाशाची ओढ लागलेल्या नादार यांना बलूनचे वैगुण्यही उमगले होते. बलून वर नेता येतो, खाली आणता येतो; परंतु त्याची दिशा वाराच ठरवतो. हवेपेक्षा जड असलेले यंत्रच माणसाला खरे उड्डाण देईल, अशी त्यांची धारणा होती. १८६३ साली या विचाराच्या प्रसारासाठी त्यांनी एक संस्था स्थापन केली. प्रसिद्ध लेखक ज्यूल व्हर्न तिचे चिटणीस होते. संशोधनाला पैसा हवा होता. तो उभारण्यासाठी नादार यांनी प्रेक्षकांना थक्क करणारा एक प्रचंड बलूनच बांधला! त्याचे नाव ‘ल जेआँ’, म्हणजे महाकाय. त्यात सुमारे सहा हजार घनमीटर वायू मावत असे आणि त्याखाली वेतकामाची दुमजली खोली टांगलेली होती.

१८ ऑक्टोबर १८६३ रोजी या बलूनने पॅरिसहून दुसरे उड्डाण केले. नादार व त्यांच्या पत्नी एर्नेस्तीन यांच्यासह नऊ जण त्यात होते. रात्रभर प्रवास करून दुसऱ्या दिवशी सकाळी बलून जर्मनीतील हॅनोव्हर प्रदेशात उतरू लागला, तेव्हा जोराचा वारा सुटला होता. बलून वाऱ्याबरोबर वाहत असताना प्रवाशांना वाऱ्याचा वेग जाणवत नाही. जमिनीचा स्पर्श होताच तो उमगतो. नांगर टाकले, पण ते तुटून गेले. वायू सोडण्याची झडप एवढा मोठा बलून लवकर रिकामा करू शकली नाही. वायूने फुगलेले कापड जहाजाच्या शिडासारखे वारा धरू लागले आणि खोली शेतांतून, झाडांतून कित्येक किलोमीटर आपटत, फरफटत गेली. वाटेत रेल्वेमार्ग आडवा आला. समोरून गाडी येत होती. चालकाने ती वेळीच थांबवली म्हणून अनर्थ टळला. नादार यांच्या पायाचे हाड मोडले, एर्नेस्तीनही जबर जखमी झाल्या. सुदैवाने कोणाचेही प्राण गेले नाहीत.

या अपघाताने नादार खचले नाहीत. बलून वाऱ्याचा दास आहे, हे त्यांचेच म्हणणे या अपघाताने सिद्ध केले होते. बलूनने त्यांना धन मिळवून दिले नाही, उलट कर्जात लोटले. तरीही त्यांनी उड्डाणे चालू ठेवली. १८६४ मध्ये ब्रुसेल्स येथील उड्डाणाच्या वेळी गर्दी दूर ठेवण्यासाठी हलते कठडे उभारण्यात आले. बेल्जियममध्ये अशा कठड्यांना आजही नादार यांचेच नाव आहे.

१८७० साली प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. सर्व मार्ग बंद झाले, तेव्हा नादार व त्यांच्या सहकाऱ्यांनी बलूनच्या साहाय्याने टपाल बाहेर पाठवण्याच्या कामी पुढाकार घेतला. वेढा उठेपर्यंत साठाहून अधिक बलून शहराबाहेर गेले. त्यांतील एक वाऱ्याने थेट नॉर्वेत नेऊन सोडला.

आजच्या उष्ण हवेच्या बलूनमध्ये दोरी ओढून वरचा भाग उघडता येतो आणि हवा झपाट्याने बाहेर काढता येते. तरीही वारा जोराचा असल्यास जाणकार चालक उड्डाणच करत नाहीत.

२५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ यांनी विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. हवेपेक्षा जड यंत्राने आपल्या इच्छेच्या दिशेने समुद्र पार केला होता. शेहेचाळीस वर्षांपूर्वी पाहिलेले स्वप्न साकार झालेले पाहण्यास नादार हयात होते. २० मार्च १९१० रोजी, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले.