आर. के. जोशी : कम्प्युटरवरच्या मराठी अक्षरामागचा माणूस

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी एक साधी वेबसाइट केली होती. आमच्या अंबड तालुक्यातल्या मोसंबी बागायतदारांची यादी. फॉर्म मराठीत, बटणं मराठीत. सुट्टीत घरी आल्यावर वडिलांना हौसेने दाखवली. त्यांनी स्वतःचं नाव टाकलं, सेव्ह दाबलं आणि यादीत नावाच्या जागी आली नुसती प्रश्नचिन्हं. ते काही बोलले नाहीत. पुढची नावं मात्र इंग्रजीत टाकायला लागले, एकेक अक्षर शोधत. ते मला जास्त लागलं.

चूक माझीच होती. कम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. युनिकोडमध्ये 'क' म्हणजे २३२५. यूटीएफ-८ पद्धतीत असं एक देवनागरी चिन्ह ३ बाइट घेतं. माझं टेबल इंग्रजीपुरत्या जुन्या कॅरेक्टर सेटवर होतं, त्याला हा आकडा ठेवताच येत नव्हता. सेटिंग बदललं, नावं दिसायला लागली. मग डोक्यात आलं, की डेटाबेसमध्ये आकडेच आहेत तर हे अक्षर काढतंय कोण? लॅबमधल्या जुन्या विंडोज ७ वर त्याचं नाव होतं मंगल. आणि मंगलमागे रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे आर. के. जोशी.

गंमत म्हणजे हा माणूस इंजिनिअर नव्हता. जन्म १९३६ चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकले आणि जाहिरात क्षेत्रात गेले. उल्का या एजन्सीत बरीच वर्षं आर्ट डायरेक्टर होते. सुलेखन करायचे, कविताही लिहायचे, आणि त्यांच्या काही कवितांमध्ये अक्षरांची मांडणी हाच अर्थाचा भाग असायचा. भारतातल्या बऱ्याच लिप्यांची मूळ रचना सारखीच आहे, मग सगळ्यांसाठी एक सामाईक लिपी का नको, या विचारातून त्यांनी 'देशनागरी' मांडली. ती चालली नाही. पण पुढे एकामागून एक लिप्या कम्प्युटरवर आणताना हा अभ्यास त्यांना नक्कीच कामाला आला असणार, असं मला वाटतं.

१९८३ मध्ये चाळिशी उलटून गेल्यावर, जाहिरातीतलं बस्तान सोडून ते आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवायला आले. डिझाइन शिकवणारा हा विभाग १९६९ पासूनचा. तिथे त्यांचा विषय अक्षर हाच. जोडीला जुहूच्या एनसीएसटीमधल्या प्रोग्रामरांबरोबर काम सुरू झालं. ही संस्था नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाली.

आता अडचण काय होती ते बघा. इंग्रजीत ए दाबलं की ए येतो, विषय संपला. आपल्याकडे 'कि' मध्ये ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते 'क' च्या नंतर, पण दिसायला हवी आधी. 'क्ष' म्हणजे प्रत्यक्षात तीन चिन्हं : क, हलन्त, ष. म्हणजे फॉण्टमध्ये फक्त चित्रं असून भागत नाही, कुठलं चिन्ह कुणाशेजारी आलं तर कसं जोडायचं याचे नियमही भरावे लागतात. त्यात वर मात्रा, खाली उकार, मध्ये शिरोरेषा, आणि हे सगळं तेव्हाच्या जाड पिक्सेलच्या पडद्यावर. एका पिक्सेलने चुकलं तर अनुस्वार मात्रेत बुडणार.

विंडोज २००० मध्ये देवनागरी आली ती मंगल घेऊन. त्यांच्याच देखरेखीखाली गुजरातीसाठी श्रुती, तेलुगूसाठी गौतमी, कन्नडसाठी तुंगा असे फॉण्टही झाले. मंगल सगळ्यांना आवडतो असं नाही, छापील मजकुराला तो मलाही रुक्ष वाटतो. पण तो पडद्यावर वाचायला केलेला होता, आणि विंडोजबरोबर आपोआप यायचा. वेगळा फॉण्ट विकत घ्या, टाका, दुसऱ्याच्या कम्प्युटरवर फाइल उघडली की इंग्रजी कचरा दिसणार, ही कटकट त्यात नव्हती. डीटीपीच्या दुकानात काम केलेल्या कुणालाही विचारा.

फेब्रुवारी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं निधन झालं. अँड्रॉइडचा पहिला फोन त्याच वर्षी, काही महिन्यांनी बाजारात आला. तुमच्या फोनवर आज मंगल नसेल, बहुतेक नोटो असेल. पण अक्षरं जोडण्याचा प्रश्न तोच आहे. मला इंटरफेस डिझाइनमध्ये बटणाचा रंग, मेनूची जागा, सगळं शिकवलं गेलं. अक्षर हाही इंटरफेसच, हे कुणी सांगितलं नाही.

माझी यादी दुरुस्त झाल्यावर वडिलांना परत दाखवली. त्यांनी नाव नीट वाचलं आणि मग वरच्या मथळ्यावर बोट ठेवलं. मी 'शेतकर्यांची यादी' लिहिलं होतं. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' मधला फरक माहीत असूनही. त्यासाठी साधा र नाही, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. मी तो टाकला, पेज रिफ्रेश केलं. 'शेतकऱ्यांची' नीट उमटलं. मग त्यांनी शेजारच्या काकांचं नाव टाकायला घेतलं, मराठीत.