पांडा, हरीण आणि फुलपाखरांचे झुडूप

थंड हवेच्या देशांत उन्हाळ्याच्या उत्तरार्धात एक झुडूप जांभळ्या तुऱ्यांनी लगडते आणि त्यावर फुलपाखरांची झुंबड उडते. 'बुडलिया डेव्हिडाय' हे त्याचे शास्त्रीय नाव. त्यातील बुडलिया हे १७१५ साली निवर्तलेल्या अॅडम बडल या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ, तर डेव्हिडाय हे फ्रेंच फादर आर्मां दाविद यांच्या. दोघेही धर्मोपदेशक, हा एक योगायोगच!

दाविद यांचा जन्म ७ सप्टेंबर १८२६ रोजी फ्रान्सच्या बास्क प्रांतातील एस्पेलेत गावी झाला. निसर्गाची ओढ त्यांना डॉक्टर असलेल्या वडिलांकडून लाभली. १८४८ मध्ये त्यांनी लाझारिस्ट संघात प्रवेश केला, इटलीतील सव्होना येथे अध्यापन केले आणि १८६२ मध्ये ते बीजिंगला पोहोचले. तेथून त्यांनी पाठविलेले नमुने पाहून पॅरिसचे निसर्गविज्ञान संग्रहालय इतके प्रभावित झाले, की त्यांना संशोधनासाठी मोकळे करावे, अशी विनंती संघाला करण्यात आली.

बीजिंगच्या दक्षिणेस बादशहाचे शिकारीचे राखीव उद्यान होते. परक्यांना तेथे मज्जाव. १८६५ मध्ये दाविद यांनी भिंतीवरून डोकावून एक अपरिचित हरीण पाहिले आणि पुढे पहारेकऱ्यांना पैसे देऊन त्याची कातडी मिळविली. ही जात चीनमधून नष्ट झाली; मात्र युरोपात नेलेल्या हरणांचे वंशज १९८५ मध्ये मायदेशी परतले.

१८६९ हे त्यांच्या आयुष्यातील सुवर्णवर्ष ठरले. सिचुआनच्या पर्वतराजीतील मुपिन येथे मार्चमध्ये त्यांनी पांडाचे कातडे पाहिले आणि या प्राण्याची ओळख पाश्चात्त्य जगाला झाली. फुलपाखरांच्या या झुडपाचे नमुनेही त्यांनी तेथेच गोळा केले. मात्र वाळलेल्या नमुन्यांतून बाग फुलत नाही. आद्रियां फ्रांशे यांनी १८८७ मध्ये त्याचे नामकरण केले आणि सुली या दुसऱ्या फ्रेंच मिशनऱ्याने धाडलेले बियाणे १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये रुजले. प्रकृती ढासळल्याने १८७४ मध्ये मायदेशी परतलेले दाविद १० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिसमध्ये निवर्तले.

डोंगरउतारावरील आणि नदीकाठच्या वाळूखडीत वाढणाऱ्या या झुडपाची खरी वैरीण थंडी नव्हे, तर थंडीत मुळांशी साचणारे पाणी. पारा उणे २५ अंशांच्या आसपास उतरला, की फांद्या जमिनीपर्यंत वाळतात. नवखा माळी ते मेले असे समजून उपटून टाकतो. निचरा चांगला असेल आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर असेल, तर मुळे तग धरतात. वसंतात त्याला जाग उशिरा येते, तेवढा धीर मात्र हवा. छाटणी शरद ऋतूत करू नये. पोकळ फांद्यांत पाणी शिरते. हिवाळा सरता सरता फूटभर बुंधा राखून छाटावे. फुले त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर येत असल्याने बहर बुडत नाही.

चीनमधील अरण्ये तुटताना पाहून दाविद यांनी आपल्या रोजनिशीत वारंवार हळहळ व्यक्त केली होती. त्यांचेच नाव धारण करणारे हे झुडूप मात्र अमेरिकेच्या ओरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांत नदीकाठच्या स्थानिक वनस्पतींवर कुरघोडी करू लागले आणि उपद्रवी तण ठरले. एका तुऱ्यात हजारो बिया असतात आणि वारा त्या दूरवर नेतो. त्यामुळे जाणते बागाईतदार आता वांझ वाण लावतात किंवा तुरे सुकताच, बी झडण्यापूर्वी, कापून टाकतात.