शंकर गणेश दाते : मराठी पुस्तकांची एकच यादी करणारे सूचीकार



एखादं पुस्तक कुठल्या ग्रंथालयात आहे हे शोधायला आज आपण मोबाइल उघडतो. वर्ल्डकॅटवर नाव टाकलं की जगभरातल्या हजारो ग्रंथालयांच्या याद्या एका वेळी चाळल्या जातात. आपल्या देशातल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी इंडकॅट आहे. आयआयटी खरगपूरने उभारलेल्या नॅशनल डिजिटल लायब्ररीतही एकाच चौकटीत शब्द लिहून अनेक संग्रह शोधता येतात. पण मराठी पुस्तकांसाठी असंच काम संगणक नसताना एका माणसाने हाताने केलं. त्यांचं नाव शंकर गणेश दाते. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

दाते यांचा जन्म १९०५ सालचा. आपल्यासारख्या प्राथमिक शिक्षकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे त्यांना लोककथांची आवड होती आणि त्यांनी लोककथांचे संग्रहही प्रसिद्ध केले. पण त्यांचं नाव राहिलं ते 'मराठी ग्रंथसूची'मुळे.

काम काय होतं ते आधी समजून घ्या. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं. तिथून पुढे सव्वाशे वर्षांत हजारो मराठी पुस्तकं निघाली. ती होती कुठे? थोडी रत्नागिरीला, थोडी पुण्यात, थोडी ठाण्याला, थोडी मुंबईत. प्रत्येक ग्रंथालयाची यादी वेगळी आणि लिहिण्याची पद्धतही वेगळी. १८६७ च्या कायद्यानंतर सरकार छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या काढू लागलं, पण त्याआधीची पुस्तकं त्यांत नव्हती. म्हणजे एखाद्या विषयावर मराठीत आजवर काय लिहिलं गेलंय, असं कुणी विचारलं तर गावोगाव फिरून कपाटं उघडण्याशिवाय इलाज नव्हता.

दात्यांनी नेमकं तेच केलं. अनेक ग्रंथालयांत जाऊन त्यांनी शक्यतो पुस्तक स्वतः हातात घेऊन नोंदी केल्या. लेखक कोण, नाव काय, कुठे आणि कधी छापलं, पानं किती, किंमत किती. मग सगळ्या नोंदी विषयवार लावल्या. १८०० ते १९३७ या काळाचा पहिला खंड १९४३ साली निघाला. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि कागदाची टंचाई होती, हे ध्यानात घ्या. १९३८ ते १९५० चा दुसरा खंड १९६१ साली आला. दोन्ही मिळून वीस हजारांहून जास्त पुस्तकं! पहिला खंड आला तेव्हा दाते अडतीस वर्षांचे होते, दुसरा आला तेव्हा छप्पन्न. तीनच वर्षांनी, डिसेंबर १९६४ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने पुढे मुंबईत दाते सूची मंडळ उभं राहिलं. १९५१ नंतरच्या पुस्तकांची सूची करण्याचं काम शरद साठे यांनी पुढे नेलं.

आता तुम्ही म्हणाल, संगणक आल्यावर या जाड खंडांचा उपयोग काय? उपयोग आहे. संगणकावरचा शोध फक्त तेवढंच सापडवतो, जेवढं कुणीतरी नीट नोंदवलेलं असतं. 'सूचि' ही जुनी ऱ्हस्व इकाराची वळणं आणि 'सूची' हे आजचं रूप माणसाला एकच वाटतं, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. म्हणून शोधताना दोन्ही रूपं टाकून बघा. परदेशी ग्रंथालयांत मराठी नावं बऱ्याचदा रोमन लिपीत नोंदलेली असतात, तेव्हा तसाही शोध घ्या. नुसतं 'दाते' टाकलंत तर महाराष्ट्र शब्दकोशाचे यशवंत रामकृष्ण दातेही समोर येतील. ते वेगळे, हे वेगळे. म्हणून नावासोबत आद्याक्षरं आणि प्रकाशनाचं वर्ष द्यायची सवय मुलांना लावा.

मी शिकवते त्या घोडपदेवसारख्या भागात हा विषय अजून जवळचा आहे. गिरणी आणि गोदीतल्या कामगारांच्या वस्तीत मंडळाच्या खोलीत, शाळेच्या कोपऱ्यात पुस्तकांचं एखादं कपाट असायचंच. चाळ पुनर्विकासाला गेली की सामान हलवताना ते कपाट रद्दीवाल्याकडे जातं. त्यात काय होतं याची यादी नसेल, तर जगातलं कुठलंही ॲप ते पुस्तक शोधून देणार नाही. ते होतं हेच कुणाला कळणार नाही. दात्यांच्या सूचीतल्या कित्येक जुन्या पुस्तकांच्या प्रती आज सहज मिळत नाहीत, पण ती लिहिली गेली होती हे आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी वेळेवर नोंद केली.

तर या महिन्यात एवढं करून बघा. वर्गातल्या पेटीतली दहा पुस्तकं काढा. मुलांना दोन-दोनच्या गटात बसवून प्रत्येक पुस्तकासाठी एक कार्ड लिहायला सांगा: नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत. वर्ष कुठे छापलेलं असतं ते मुलांनाच शोधू दे, त्यात फार मजा येते. पालकांनी घरातल्या किंवा आजोबांच्या ट्रंकेतल्या जुन्या पुस्तकांची अशीच वही करावी. मग त्यातलं एखादं पुस्तक एखाद्या ऑनलाइन यादीत आहे का ते मुलांसोबत बसून शोधा. सापडलं तर आनंदच आहे. नाहीच सापडलं, तर ते पुस्तक जपून ठेवा आणि जवळच्या ग्रंथालयात दाखवा. आपल्याला घोडपदेवहून दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय काही लांब नाही.