खर्जाचा धनी : जेम्स जेमर्सन

गाणे रंगले की आपण दाद गायकाला देतो. खाली खर्ज धरणाऱ्याला विचारतो कोण? म्हणूनच मला जेम्स जेमर्सन मोठा वाटतो. १९३६ साली दक्षिण कॅरोलायनात जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा पुढे डेट्रॉइटला आला. दिवसा मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत वाजवायचे, रात्री क्लबांत जॅझ रंगवायचे. फेंडरची प्रिसिजन बास गिटार, तुटल्याखेरीज न बदललेल्या जाड तारा आणि एकटी तर्जनी, एवढेच त्याचे भांडवल! कंपनीची गाणी जगभर गाजली. पण १९७१पर्यंत तबकड्यांवर साथीदारांची नावे सहसा छापलीच जात नसत. १९८३ साली, अवघ्या ४७व्या वर्षी तो गेला. 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'चा मान मिळाला तो २००० साली. आमच्या स्नेहसंमेलनात मागे उभे राहून वाजवणाऱ्या मित्रांनो, तुमच्या खर्जावरच गाणे उभे असते!