रिओहाचा मार्केस

स्पेनच्या उत्तरेस एब्रो नदीच्या खोऱ्यात वसलेला रिओहा हा प्रांत आज तांबड्या वाइनसाठी जगभर ओळखला जातो. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मात्र तेथील वाइन उन्हाळा लागला की आंबून जाई. हौदात द्राक्षे तुडवायची आणि चामड्याच्या बुधल्यांत भरून खेचरांवरून विकायची, ही तिथली रीत. ती वाइन समुद्रापार धाडण्याचा ध्यास घेतला तो एका सैनिकाने.

लुसियानो मुरिएता यांचा जन्म १८२२ मध्ये पेरूतील अरेकिपा येथे झाला. पेरू स्वतंत्र झाल्यावर कुटुंब देशोधडीला लागले आणि लुसियानो लंडनला, पेढी चालविणाऱ्या काकांच्या आश्रयास आले. पेढीवरचे सुखाचे आयुष्य सोडून ते स्पेनच्या सैन्यात शिरले व सेनापती एस्पार्तेरो यांचे विश्वासू सहायक बनले. १८४३ मध्ये एस्पार्तेरो पदच्युत झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर मुरिएतांनीही लंडनची हद्दपारी पत्करली. तेथील मेजवान्यांत फ्रेंच वाइनचा थाट त्यांनी पाहिला. ते बोर्दोला जाऊन ती विद्या शिकून आले आणि लोग्रोन्यो येथे एस्पार्तेरो यांच्याच तळघरात ओकच्या लहान पिंपांत वाइन मुरवू लागले.

ही कल्पना अगदीच नवी नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मानुएल किंतानो या पाद्र्याने तसा प्रयत्न केला होता. गावच्या बागाइतदारांनीच तो हाणून पाडला. मुरिएतांना नशिबाने साथ दिली, तीही अर्धीच. मेक्सिकोला निघालेले जहाज बुडाले, मात्र हवानाला पोचलेली पिंपे हातोहात खपली. १८७२ मध्ये राजा आमादेओने त्यांना मार्केस ही उमरावी पदवी दिली. १८७७ मध्ये त्यांनी लोग्रोन्योजवळची इगाय ही जहागीर घेतली. पुढे फिलोक्सेरा किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा बोर्दोचे व्यापारीच रिओहाच्या दारी आले. शिष्याकडे गुरूने यावे, तसा हा प्रकार! १८९९ च्या सुमारास तीच कीड रिओहातही शिरली. वार्धक्यात मुरिएतांना तोही घाला पाहावा लागला. ते अविवाहित राहिले आणि १९११ मध्ये इगाय येथेच निवर्तले.

या वाइनचा प्राण म्हणजे टेम्प्रानियो हे द्राक्ष. लवकर पिकते, म्हणून हे नाव. जोडीला गार्नाचा, ग्रासियानो, माथुएलो. तरुण वाइनमध्ये चेरीचा ताजेपणा असतो. पिंपात मुरली की तंबाखू, चामडे, व्हॅनिला असे गंध उमटतात. तांबडी ‘रेसेर्वा’ किमान तीन वर्षांची असते, ‘ग्रान रेसेर्वा’ पाच वर्षांची. रिओहात तिच्यासोबत द्राक्षवेलींच्या काटक्यांवर भाजलेल्या कोवळ्या मेंढीच्या फासळ्या खातात.

हेच द्राक्ष नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी परिसरातही लावले गेले आणि त्याची वाइन निघाली, हे मुरिएतांच्या स्वप्नातही आले नसेल. मरोळच्या जुन्या गावठाणातील ईस्ट इंडियन घरांत बॉटल मसाला घालून शिजवलेल्या मटणाबरोबर ‘क्रिआन्सा’ छान जमते. मसाला जहाल असेल, तर पिंपाचा वास कमी असलेली तरुण वाइनच बरी. तिखटापुढे ओक कडवट लागतो. तांबडी वाइन थंड करू नये, हा नियम युरोपातल्या गार खोल्यांसाठी आहे. मुंबईच्या उकाड्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडावी.